मुक्कामाचा निरोप

शहापूर, सोमवार, ३ मे १९३७

निरोप धाडायचा, असं सकाळी ठरवलं. दुपारी मोडलं. आता पुन्हा धाडावासा वाटतोय!

गुरुवारी निघायचं आहे. जुन्नरला, माझ्या दादाकडे. कल्याणच्या डॉक्टरांनी ह्यांना तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "क्षय आहे. पावसाळा इथे काढू नका, घाटावर कोरड्या हवेत न्या." दादाला मी 'ह्यांना बरं नाही, हवापालटाला येतो' एवढंच कळवलं. त्याचं लगेच 'या' आलं. जुन्नरची काळजी नाही. काळजी आहे ती वाटेची. पहिला मुक्काम मुरबाडला, दुसरा वैशाखऱ्याला. तिथे बैलगाडी सोडायची आणि नाणेघाट डोलीतून चढायचा. मधल्या दोन रात्री कोणाच्या दारात काढायच्या?

गाडीवान धाकलू म्हणाला, "बाय, लगीनसराय हाय. मुरबाडची धरमशाळा वऱ्हाडानं भरलेली असंल. आधी सांगून ठेवा कुनाला तरी." खरं आहे त्याचं. पण निरोप गेला की लोक विचारणार— मास्तरांना काय झालंय? काय झालंय ते कळलं की नाही म्हणणार. न सांगता गेलो तर? दारात आलेल्या आजारी माणसाला कोणी हाकलत नाही. निदान मला तसं वाटतं.

मंगळवार, ४ मे

ह्यांना विचारलं. हसले. "राघोमास्तरला मुरबाडात जागा मिळणार नाही? धोंडूमावशी आहे की!" हसता हसता उबळ आली. मी पाठ चोळत बसले.

मावशी म्हणजे ह्यांच्या आईची सख्खी बहीण. जीव टाकते ह्यांच्यावर. पण तिला निरोप धाडायचा तर काय म्हणून?

"खोकला आहे म्हण," हे म्हणाले.

खोकला! ताट वेगळं, पेला वेगळा, थुंकायला चुन्याचा डबा. पण तो शब्द आमच्या घरात अजून कोणी उच्चारलेला नाही. ह्यांना माहीत आहे की नाही, तेही मला नक्की कळत नाही.

बुधवार, ५ मे

निरोप नाही धाडला.

मुरबाड, गुरुवार, ६ मे

उजाडायच्या आत निघालो. गाडीत पेंढा, वर गोधडी, त्यावर हे. उन्हाआधी निम्मी वाट उरकायची होती, पण दोन्ही अंगांना शेतातून भातपेरणीआधीचा पालापाचोळा जाळून राब भाजत होते. धूर खाली धरून बसलेला. ह्यांना श्वास घेता येईना. धाकलू बैल हाकत होता आणि वळून वळून बघत होता. रुमालावर लाल दिसलं. मी तो मुठीत दडवला. ह्यांनी मला दडवताना पाहिलं.

धर्मशाळेत खरंच वऱ्हाड! ओसरीवरसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. मग मावशीकडेच.

मावशी धावतच बाहेर आली. "आरं राघो! किती सुकलास रे! नि तू गो सरस्वती, आधी निरोप तरी धाडायचा. काय गोडधोड केलं असतं!" मला वर बघवेना.

तिची नात हिरी, असेल तीन वर्षांची. ह्यांच्या मांडीवर चढून बसली ती उतरेचना. ह्यांना लहान मुलांचा फार लळा. आंबा चोखत होते. पोरीने हात पुढे केला आणि ह्यांनी— सवयीने, नुसत्या मायेने— उरलेला आंबा तिच्या हातात दिला. मी झडप घालून काढून घेतला. हिरीने भोकाड पसरलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आंबा का काढून घेतला गो पोरीचा?" मावशी बघतच राहिली.

"आंबट आहे," मी म्हटलं.

आंबट! झोप येत नाही.

शुक्रवार, ७ मे

सकाळी मावशी चुलीपुढे होती. सांगून टाकलं. डॉक्टर, डबा, कालचा रुमाल, सगळं.

तिचा भाकरी थापणारा हात थांबला. उठली, हात धुतले, हिरीला कडेवर घेतलं आणि शेजारी सोडून आली. जेवण पत्रावळीवर वाढलं, जरा लांबून. ह्यांनी मान खाली घालून जेवण संपवलं.

निघताना गाडीपाशी आली. डोळे लाल.

"काल रातीच सांगायचं होतंस सरस्वती. आंगनात खाट टाकली असती. हाकललं नसतं गो मी. माझ्या बहिनीचा पोर हाय तो."

अजून कानात तेच आहे.

गाव मागे पडल्यावर हे म्हणाले, "मावशीला काय सांगितलंस?"

"खरं."

मग म्हणाले, "वैशाखऱ्यालाही खरंच सांग. क्षय म्हणून सांग."

म्हणजे माहीत होतं! मी एकटीच लपवते आहे असं समजत होते. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

टोकावड्याला पोचलो तर महादू भेटला. बैलांच्या पाठीवर तांदूळ लादून नेहमी नाणेघाट चढणारा. धाकलूच्या ओळखीचा. म्हणाला, वैशाखऱ्याला सकुबाई म्हणून एक बाई आहे, एकटीच असते, घाटाच्या वाटसरूंना उतरू देते. मी त्याच्याजवळ तिच्यासाठी निरोप दिला: माणूस क्षयाचा आहे, वेगळी जागा लागेल, चालत नसेल तर तसं सांग, राग नाही. महादू दोन पावलं मागे सरकला, पण निरोप नीट म्हणून दाखवला. जुन्नरात कोणाकडे जाणार, तेही विचारलं. मी दादाचं नाव सांगितलं. "दामूशेट? वळखतो की!" म्हणाला.

आज मुक्काम टोकावड्याला, आंब्याखाली.

शनिवार, ८ मे

अजून आंब्याखालीच. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघते आहे. नाही म्हणाली तर? परत फिरायचं? कुठे? ह्यांना ताप आहे. धाकलू ओला पंचा त्यांच्या कपाळावर ठेवतो, स्वतःहून. त्याला सगळं कळलं आहे, तरी.

दुपारी करवंदं विकणारी एक बाई टोपली उतरवून समोर उभी राहिली. "मास्तरीनबाय तूच का? सकुबायनं सांगितलंय, या म्हनून. गोठ्याला लागून पडवी हाय, ती सारवून ठेवते. भांडी तुमची तुमी आना, म्हनली."

मी त्या बाईचे हात धरले. ती गडबडून गेली!

वैशाखरे, रविवार, ९ मे

पडवी ओली सारवलेली. खाट. वेगळा माठ. तिन्ही बाजू उघड्या, वारा खेळता.

सकुबाई उंच, वाळकी, बोलायला तोडून. "डब्यातली थुंकी कुठं पुरनार? विहिरीकडं नाय. चल, जागा दावते." खड्डाही तिनेच खणला. मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. तू सकालपासून जेवलीस का?"

नव्हते जेवले. लक्षातच आलं नव्हतं.

हे आज शांत झोपले. उद्या डोलीवाले येणार, धाकलू गाडी घेऊन परतणार. दोन दिवसांत जुन्नर! आता भीती संपली असं वाटतं.

सोमवार, १० मे

दादाचा माणूस घाट उतरून आला. महादूने बाजारात सगळं सांगितलं होतं. "दामूशेट म्हनले, घरात ल्हान पोरं हायेत. येऊ नका."

माझा भाऊ! त्याच्या दाराचा मी विचारच केला नव्हता.

हे भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. ऐकलं असणार.

सकुबाईने त्या माणसाला पाणी दिलं, वाटेला लावलं. मग धाकलूला हाक मारली, "सामान गाडीत घालू नको रे. नि कोयता घे, कारवी तोडून आन. पाऊस लागायच्या आधी या पडवीला तिन्ही अंगांनी कूड घालाया पायजे."