चौकीबाहेरचा बाक

मी, सत्यवान हरिश्चंद्र केळुसकर, निवृत्त पोलीस हवालदार, वय एकोणसत्तर, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. पुढल्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. घाबरलोय, पण हे घरात सांगितलेलं नाही.

१. राहतं घर, माड आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. विनीता हिला, तिच्यामागे मुलगी गौरजा हिला.

२. माझी लाठी पुतण्या जितेंद्र याला मिळणार नाही. विनीता पंचायत समितीची माजी सभापती, आता आमदारकीला उभी राहायचं म्हणते. प्रचाराचं जितेंद्र बघतो. त्याने न विचारता लाठी नेली, तिच्या हातात देऊन फोटो काढला आणि बॅनर लावला: ‘गुन्हेगारांना धाक, विनीताताईंची हाक’. अरे, तिने ती उलटी धरली आहे! लाठी परसातल्या दोडक्याच्या वेलाला द्यावी.

३. रस्त्याकडची जागा माझी. तिथल्या खोलीत पोलीस चौकी आहे, भाडं मी घेत नाही. विनीताचं जाहीर मत असं, की लहान चौक्या बंद करून कॅमेरे लावावेत, गस्तीच्या गाड्या वाढवाव्यात. तिचं अगदीच चुकतं असंही नाही. शेजारच्या संचिताची स्कूटर गेली तेव्हा चौकीला कुलूप होतं, आणि चोर सापडला तो कॅमेऱ्यामुळे. तेव्हापासून जेवताना विनीताचं रोज तेच.

“तुमचो तो बाक चोर पकडता काय ओ?”

“चोर नाय गो. माणसां बसतत त्येच्यार.”

चौकीबाहेरचा हा फणसाचा बाक मी तिथे ड्युटीवर असताना हौसेने करून घेतला. मासे विकणारी जानकी चौकीत कधी आली नाही. बाकावर टेकायची, पाणी मागायची, ‘काय नाय, सहजच’ म्हणून उठायची. एकदा तांब्या उचलताना दंडावरचे वळ दिसले. मी तांब्या पुन्हा भरून आणला. शेवटी म्हणाली, “हवालदारानू, गाऱ्हाणा घालूक इलंय.” गाऱ्हाणं देवापुढे घालतात. तक्रार हा शब्द तिच्या तोंडी आलाच नाही. ते गाऱ्हाणं मी तक्रार म्हणून लिहून घेतलं, तिच्या नवऱ्याला आत बसवलं आणि पुढचं रीतसर झालं.

वकील म्हणाले, अट घाला: चौकी ठेवली तरच जागा. मी लिहिली आणि खोडली. भर सभेत कुणी तिला विचारलं, घरच्या माणसाचाच तुमच्यावर विश्वास नाही का, तर तिने काय सांगावं? जागा विनीताला, बिनशर्त.

फक्त विनंती. विनीता, चौकी बंद करण्याआधी एक दिवस त्या बाकावर बस. जितेंद्रला आणू नकोस. पाण्याचा तांब्या जवळ ठेव. मग तुला वाटेल ते कर, मी रागावणार नाही गो.

४. राहिलं मत. ते वारशाने देता येत नाही म्हणतात. पोलिसांबद्दलचं माझं मत तुझ्याशी कधीच जुळलं नाही. दर निवडणुकीनंतर तू विचारायचीस, “माका दिलात मां?” मी म्हणायचो, “गुप्त असता ता.” आज सांगून टाकतो. बंदोबस्तातून वेळ काढून, भांडण ताजं असतानासुद्धा, दर वेळी तुलाच दिलं.

वरील मजकूर माझाच, खाडाखोडीसकट.

सही: स. ह. केळुसकर

आमच्यादेखत सही झाली:
डॉ. मिहीर परुळेकर
संचिता मयेकर

तारकर्ली, ११ डिसेंबर २०२५