पहिली ओळ एकट्यानं

मास्तर,

परवा विरारच्या दातांच्या डॉक्टरनं माझे वरचे पुढचे दोन दात बोटानं हलवून पाहिले आणि म्हणाला, "काका, हे काढावे लागतील." मग हात धुताधुता विचारलं, "काम काय करता?" वालीवला वर्कशॉप आहे, मशीनचे सुटे भाग बनवतो, असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. सॅक्सोफोन वाजवतो, पस्तीस वर्षं हेच दोन दात माउथपीसवर टेकवून वाजवतोय, हे मात्र सांगितलं नाही. तुम्ही आठवलात म्हणूनच सांगितलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा भेटलात तेव्हा मी वालीवला दुसऱ्याच्या लेथवर कामाला होतो. घरची खाडीकाठची भातशेती, घरात टाळांपलीकडे वाद्य नाही. तुम्ही कापडात गुंडाळलेला सॅक्सोफोन घेऊन आलात. त्याच्या एका बटणाचा बारीक स्क्रू हरवला होता आणि तसला बाजारात कुठे मिळत नव्हता. मी तो कातून बसवला, तुम्ही तिथंच उभ्यानं वाजवून पाहिलं, आणि मी तोंड उघडलं, "मधला एक सूर जरा खाली बसतोय." फोरमन हसला. तुम्ही नाही हसलात. पुन्हा वाजवलंत, कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "कुठं शिकलास?" मी म्हटलं, "कुठं नाय. मशीन ऐकतो. बेअरिंग जायच्या आधी ओरडतं, ते कळतं." तुम्ही म्हणालात, "रविवारी नंदाखालला घरी ये. चर्चमधली मिस्सा झाल्यावर. आणि नखं कापून ये."

तुमचं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. बाहेर केळीत कोंबड्यांचा गोंधळ, म्हणून शिकवणी चुलीपाशी. मास्तरीणबाई बोंबलाचं कालवण ढवळताहेत, तुम्ही भिंतीला पाठ लावून बसला आहात आणि मी एकच सूर धरून उभा आहे. मध्येच त्या तुमच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटतात. मी विचारतो, काय म्हणाल्या? तुम्ही सांगता, "ती म्हणते, म्हशीला कळा लागल्यात काय." जहाजावर नोकरी केलेल्या तुमच्या मेव्हण्यानं अमेरिकेतल्या ब्लूज गाण्यांच्या कॅसेटी आणल्या होत्या, त्याही मी तिथंच ऐकल्या. मला घाई फार. तुम्ही मांडीवर ताल देत म्हणायचात, "अरे बाबा, बाराच मात्रांचं घर आहे असं समज, आणि भाडं भरलेलं आहे. कोण हाकलत नाही तुला. सावकाश फीर." मला समजावं म्हणून तुम्ही हिशेब चुकीचा सांगत होता, ब्लूजमध्ये बारा मात्रा नाही, चार-चार मात्रांचे बारा खण असतात, हे मला नंतर कळलं.

मग वर्षानुवर्षं तुमच्या बँडमध्ये आपण एकत्र वाजवलं. लग्नं, सणाच्या मिरवणुका, अंत्ययात्रा हे पोटाचं. आणि रविवारी दुपारी समुद्राकडच्या रिसॉर्टमध्ये आपले ब्लूज, पापलेट खाणाऱ्यांच्या पाठीला. कुणीतरी येऊन म्हणायचं, "अंकल, काहीतरी नाचायचं लावा ना." तुम्ही मान डोलवायचात, "हो, हो, पुढचं तेच," आणि पुढचं आणखी संथ घ्यायचात. मी पुढं स्वतःचं वर्कशॉप टाकलं, गाडी घेतली, पण रविवार मोडला नाही.

तुमचे दात गेले त्या वर्षी तुम्ही कवळी बसवून आलात आणि म्हणालात, "दात नवे, आवाज नवा!" सगळे हसले, मीही हसलो. पण वरच्या सुरांत कडेनं हवा सुटत होती, आणि सूर केसभर खाली येत होता. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. मला पहिल्या दिवशीच कळलं.

आपली रीत अशी, की अंत्ययात्रेत घरातून शवपेटी उचलताना पहिली ओळ मास्तरनं एकट्यानं वाजवायची, आणि दुसऱ्या ओळीला बँड उचलायचा. मी आगाशीच्या बाजारात चहाच्या टेबलावर बाकीच्यांना जमवलं आणि म्हटलं, "आपण पहिल्या ओळीपासूनच शिरायचं. मास्तर झाकले जातील. त्यांना बोलायचं नाही, वाईट वाटेल." ट्रम्पेटवाला म्हणाला, "तू सांग की त्यांना. तुझं ऐकतील." मी म्हटलं, "बघतो." पाच महिने आपण तसंच वाजवत राहिलो. तुम्ही एकदा भुवया उंचावून पाहिलंत, मी सांगितलं की हल्ली असंच बरं वाटतं लोकांना. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, मास्तर. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

मग तुमचे थोरले भाऊ गेले. अंगणात माणसं, पेटी उंबऱ्याशी, फादर थांबलेले. तुम्ही आमच्याकडे वळून म्हणालात, "आज कोणी शिरायचं नाही. माझा भाऊ आहे. पहिली ओळ मी एकटा." आता सांगायला वेळ नव्हता. खरं म्हणजे एका वाक्याचा वेळ होता. तुम्ही सुरू केलंत. तिसऱ्या सुराला शिट्टी फुटली. पाचव्याला नुसती हवा. अंगणातली माणसं पायांकडे बघायला लागली. तुम्ही थांबलात, पुन्हा तोंडाला लावलात, पुन्हा तेच. शिरू नका म्हणाला होतात म्हणून आम्ही हातात वाद्यं धरून उभे. त्या शांततेत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. बाकी कुणाकडे नाही.

चौथ्या दिवशी मी घरी आलो. तुम्ही पाट पुढं सरकवला नाहीत. विचारलंत, "किती महिने?"

"पाच."

"साऱ्या दुनियेची बेअरिंगं ऐकतोस तू. माझं गेलं ते ऐकू आलं नाही?"

"आलं, मास्तर."

"मग इथं, या चुलीपुढं सांगायचं होतंस. मी इथं रडलो असतो. हिला सवय आहे." मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "भावाच्या पेटीपुढं माझा तमाशा केलास."

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून—"

"मला नाही. तुला सांगायला वाईट वाटलं असतं. ते वाचवलंस तू."

त्यानंतर तुम्ही सॅक्सोफोनला हात लावला नाहीत. तो माझ्याकडे आला, पण मास्तरीणबाईंच्या हातून, निरोपाशिवाय. तुम्ही गेलात तेव्हा कळलं की बँड नको असं सांगून ठेवलं होतंत. पेटीमागून आम्ही रिकाम्या हातांनी चाललो. नुसत्या चपलांचा आवाज.

आता माझं वाजवणं वसईतल्या एका कॅफेत, तरुण पोरांबरोबर असतं. गाणारी मुलगी फ्लॅटवाल्यांतली, कोकणातल्या माणसांची, बँकेत नोकरी, गळा खरा. दोन महिन्यांपूर्वी म्हणाली, "काका, आजपासून सगळं एक पट्टी खाली घेऊया ना? माझा घसा बसलाय." तिचा घसा बसलेला नव्हता. मग मी वर चढायला लागलो की गिटार मध्ये यायला लागली, ड्रमवाला झांजेवर जास्त रेलायला लागला. कुठल्या टेबलावर ठरलं असेल तेही मी सांगू शकेन. भली पोरं आहेत. माझ्या पाया पडतात.

म्हणजे तुमची जागा मला मिळाली, फरक एवढाच की मला ऐकू येतंय. गेले काही दिवस मनात येतं, तुम्हालाही ऐकू येत असेल. माझे कान तुम्हीच तयार केलेत. स्वतःची हवा सुटलेली पाच महिने तुम्हाला कळली नाही, हे कसं मानू? कदाचित तुम्हाला कळत होतं, आणि कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत होतात. वाट बघून कंटाळलात आणि भावाच्या दारात स्वतःच विषय संपवलात. पण मी धंदेवाईक माणूस आहे, कुठलं स्पष्टीकरण मला सोयीचं आहे ते ओळखतो. हे मानलं तर माझ्यावरचं ओझं हलकं होतं, म्हणून त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? मास्तरीणबाईही राहिल्या नाहीत. वर्कशॉपमध्ये बसून लिहिलंय, बाहेर लेथ चालू आहे, आणि त्याचं एक बेअरिंग उद्या-परवा जाणार हे इथूनच ऐकू येतंय. उठून सांगेन आता.

मघाशी त्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "काका, रविवारचं... तुम्ही येताय ना?" 'रविवारचं' आणि 'तुम्ही' यांच्यामध्ये ती थांबली, मास्तर. श्वास घेऊन थांबली. तिला सांगायचं होतं. मी जरा गप्प राहिलो असतो तर तिनं सांगितलंही असतं.

मी लगेच म्हणालो, "येतो की. असं विचारतेस काय."