रावणाला खोली हवी

राजमान्य सुंदरराव दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे बिभीषणचा, वाकून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा स्वभाव कसा आहे? (दोन्ही थंडीत जास्त त्रास देतात, म्हणून एकदमच विचारतो.) इकडे सगळे मजेत. ज्वारी हुरड्यात आलीय आणि अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, त्यामुळे हुरडा खायला माणसं कमी पडतात. बीडला बसून तुम्हाला याचं दुःख व्हावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आमच्या सोंगांच्या मंडळाचं सामान माझ्याच घरात असतं, हे तुम्ही जाणताच. दाढ्या, मुकुट, गदा, आणि ज्वारीच्या कणगीवर रावणाची दहा तोंडं. (घरधन्याचं नाव बिभीषण, त्यामुळे मला रावणाची बाजूही उघड घेता येत नाही.) आमची ही, वनमाला, म्हणते, ज्वारी काढायला गेलं की वीस डोळे बघत बसतात. यंदा तिनं शेवटचं सांगितलं, "अमुशापतूर ह्येंची सोय करा. न्हाई तर चुलीला सरपण लागतंयच." दाजी, ती तोंडं आजोबांनी पांगऱ्याच्या लाकडात कोरलेली आहेत. ती जळताना मला बघवणार नाही.

अशात कळलं की सरकारचं नवं सांस्कृतिक धोरण आलंय. कला आता नुसती कला राहिली नाही, ती सर्जनशील अर्थव्यवस्था झाली. जे मंडळ पसंत पडेल त्याला सामानासाठी पक्की खोली. मी लगेच अर्ज केला. सोंगं पाहायला साहेब येणार ठरलं, पण नेमकं ऊसतोडीच्या हंगामात. आमचं साहेबाचं सोंग घेणारा त्रिंबक कारखान्यावर. हे सोंग म्हणजे मंडळाची शान: डोळ्यांवर गॉगल, काखेत फाईल, कुणाला न कळणारं भाषण. लोकांनी वाक्यावाक्याला हसायचं, आणि साहेब जितका चिडेल तितकं सोंग वठलं असं समजायचं. त्रिंबकनं निरोप धाडला की टोळीतला दुसऱ्या गावचा एक गडी बदली पाठवतो, घरूनच नटून येईल. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. (तुम्ही एव्हाना हसायला लागला असाल. थांबा.)

आधी एक पांढरी गाडी आली. गॉगल, फाईल. आम्ही हार घातला, शाल दिली, खुर्चीत बसवून शिरा पुढे केला. गृहस्थांनी खुणेनंच दोनदा शिरा मागून घेतला. मला वाटलं, काय भारदस्त अधिकारी आहे. मग केजहून बजरंगची, माणसं कोंबून आणणारी वडापची जीप आली. तीतून धुळीनं माखलेला एक माणूस उतरला. गॉगल, फाईल. उशीर केला म्हणून मी त्याला चार शब्द सुनावले आणि थेट चौथऱ्यावर ढकलला.

काय भाषण केलं म्हणून सांगू. कलेतून रोजगार, रोजगारातून उत्पन्न, उत्पन्नातून पुन्हा कला. लोक गडाबडा लोळले. तो म्हणाला, हे शासनाचं धोरण आहे, चेष्टा नाही. ढोलकीवाल्यानं थाप दिली. तो लालबुंद झाला, तशी पुढं बसलेली छबुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, त्रिंबक याच्यापुढं पाणी भरंल. मग काय झालं कुणास ठाऊक, गडी रंगात आला. तेच भाषण पुन्हा पहिल्यापासून, हातवारे करून.

इतक्यात खुर्चीतले साहेब माझ्या कानाशी आले. "माजं सोंग कवा हाय? मुकादमाची गाडी परत जायलीय."

दाजी, झालं! खोली गेली, रावण चुलीत गेला, असंच वाटलं. मी चौथऱ्यावर जाऊन खऱ्या साहेबांचे पाय धरले. त्यांची गाडी केजलाच बंद पडली होती म्हणे. त्यांनी गॉगल काढला. डोळे ओले होते.

"इतकी वर्षं हे भाषण करतोय," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा लोकांनी ऐकलं."

आमच्या खोलीची शिफारस त्यांनी तिथल्या तिथं लिहिली. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
बिभीषण

ता. क. शिफारशीवर बैठक पावसाळ्यानंतर आहे. वनमालाची अमावस्या परवा आहे. म्हणून रावणाची दहाही तोंडं बजरंगच्या जीपमध्ये घालून तुमच्याकडे पाठवली आहेत. हे पत्रही त्याच्याच हाती आहे, तेव्हा वाचून होईपर्यंत तो ती उतरवून गेलाही असेल. ताईला तेवढं तुम्हीच सांगा.

ता. क. २. यंदाच्या जत्रेत साहेबाचं सोंग साहेबच घेणार आहेत. ते बीडलाच राहतात आणि सामानही आता तिथंच आहे, म्हणून दर रविवारी तालीम तुमच्या घरी ठेवली आहे. भाषण चालू असताना हसत राहा. कुणी हसलं नाही तर ते पुन्हा पहिल्यापासून करतात.