सुतक कुणाला?

परतूर, पोळ्याचा दुसरा दिवस, दिवेलागण

हात तीनदा धुतले, तरी वास जात न्हाई.

सकाळी वर्गात टेबलावर मांजराच्या पुढच्या पायाची हाडं आन् वटवाघळाचा पंख मांडला. शेजारी माझा हात ठेवला. वर एक हाड, खाली दोन, मंग बोटं. तिघांची ठेवण एकच. हाडं जितकी जुळतात तितकं नातं जवळचं, असंच शास्त्रज्ञ साऱ्या जिवांची भाऊकी लावतात. सरकारी हुकमानं शिकवणं उर्दूतून; पोरांना ते कळेना, म्हणून मराठीत सांगितलं: सुतकासारखं आहे हे. जवळच्याला पुरं, लांबच्याला थोडं. पोरं हसली, पण बराबर समजली.

दुपारी बांधाच्या भांडणात दगडूनं चुलतभावावर, किसनवर, कुऱ्हाड घातली. मी शेजारच्याच रानात होतो. धावलो. किसननं हात आडवा धरला होता; तो फाटून आत दोन पांढरी हाडं दिसत होती. सकाळचीच. दुसरा घाव मानेवर. बैलगाडी येईस्तोवर तो गेल्ता.

माणूस मरून राह्यला होता आन् मी हाडं जुळवून राह्यलो! काय म्हणावं मला?

दगडूला चावडीपुढं लिंबाच्या झाडाला बांधलं होतं. तोंडावर किसनचं रक्त. लोक लाथा घालत होते. मीबी एक घातली, जीव खाऊन. तो ओरडला न्हाई. एवढंच विचारलं, "मास्तर, किसन माझा चुलतभाऊ. मंग मलाबी सुतक आलं का?"

"आलं," म्हणालो. "तुला पुरं."