घड्याळातला सेल

प्रिय रुचिता,

हे पत्र हेमांगीने आधी फोडलं असेल, तर तिला सांग, पुढचं वाचू नकोस. माझी सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? तू फिजिक्स सोडून कॉमर्सला जाणार, शनिवारी अर्ज देणार, हे मला वर्तकनगरहून तिनेच कळवलं. तुला काही आईला सांगावंसं वाटलं नाही. वाटेल कसं म्हणा! आणि फोन केला तर तू नुसतं हं, हं करतेस, म्हणून कागद घेऊन बसले.

अगं, पहिल्या सेमिस्टरला काठावर पास झालेली मुलगी दुसऱ्याला एकदम एकाहत्तर मार्क आणते, आणि टेबलावर बघावं तर सोडवलेल्या गणितांचं जाडजूड पुस्तक! वर प्रत्येक उत्तरावर जुन्या कॅलेंडरचा कागद टाचणीने लावलेला. म्हटलं, झालं! काही लपवायचं असल्याशिवाय कोण कशाला झाकेल? अठरा वर्षं दहावीच्या शिकवण्या घेतेय, कॉपी मला वासावरून कळते. तुझ्या वहीत आणि पुस्तकात ओळ न् ओळ सारखी दिसली, तेव्हा तर शेजारच्या विमलाबाईंसमोर तुला कॉपीबहाद्दर म्हणून मोकळी झाले. तू बॅग भरलीस आणि हेमांगीमावशीकडे गेलीस. मला तेही संशयास्पदच वाटलं.

तू गेल्यावर तुझ्या वह्या काढल्या. खोटं कशाला सांगू, पुरावाच शोधत होते. तर प्रत्येक गणितापुढे समासात पेन्सिलीने बारीक अक्षर: 'न बघता.' 'एकदा डोकावले.' 'पूर्ण बघितले, उद्या परत.' हा कसला सांकेतिक कारभार, म्हणून मी आणखीनच पेटले. मग उतारावरून घरंगळणाऱ्या भरीव सिलिंडरचं गणित सापडलं. त्याच्या त्वरणाचा अपूर्णांक पुस्तकात पाच सप्तमांश, तुझ्या वहीत दोन तृतीयांश. म्हटलं, घ्या, कॉपीलाही अक्कल लागते! पण समासात तू लिहिलं होतंस: 'न बघता. पुस्तक चुकलंय का? कोणाला विचारू?'

तो पाच सप्तमांश मला खटकला. तो तर गोळ्याचा, माझा आजही पाठ आहे. पुस्तक खरं असेल तर गोळा आणि सिलिंडर बरोबरीने खाली यायला हवेत. मग काय, पलंगाची फळी काढून सोफ्याला टेकवली. तुझ्या लहानपणीच्या डब्यातून गोटी घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. दोन्ही एकदम सोडले. गोटी पुढे. परत सोडले, परत गोटीच, चांगली अर्धी वीत पुढे. दहा वेळा केलं गं. विमलाबाई दारात येऊन बघत होत्या, त्यांना वाटलं असेल बाईचं डोकं फिरलं. त्यांना तिथेच सांगितलं, माझी रुचिता बरोबर आहे आणि छापील पुस्तक चूक आहे.

आता जे लिहिते ते हेमांगीलाही माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते खोटं नाही. माझा फर्स्ट क्लास सगळे कौतुकाने सांगतात. तो असल्याच एका पुस्तकावर आलेला आहे. तुझ्यासारखं उत्तर झाकून एकही गणित मी कधी स्वतः सोडवलं नाही. गणितं तोंडपाठ केली, पेपरात ओतली, आणि पुढे एमएस्सीला जायची छाती झाली नाही. तुझ्या टेबलावर ते पुस्तक दिसलं आणि मला तिथे मीच बसलेली दिसले. शिक्षा मात्र तुला केली. चुकले गं मी. शनिवारी तो अर्ज देऊ नकोस. शुक्रवारी घरी ये. सेल अजून घड्याळात घातलेला नाही, फळीही तशीच सोफ्याला टेकलेली आहे. गोटी पुढे का जाते, ते मला शिकव. उत्तर पाठ आहे, कळलेलं कधीच नव्हतं.

तुझीच, तुझी वाट बघणारी,
आई