नरसिंगच्या खोलीचं दार

ठाणाकुशनूर, ३ एप्रिल १९७४, बुधवार
सून सुभद्रा माहेराला उदगीरला गेली. जाताना नरसिंगशी काही बोलली असावी. संध्याकाळी तो म्हणाला, "अप्पा, ती जयंतीला यायच्या आत आमच्या खोलीला दार बसवा. न्हाई तर मी बिदरात मैलूरला खोली बघतो."
लग्नाला आठ महिने झाले, पडदा पुरला की! पण लेकरू घराबाहेर जायला नको. बायको सावित्री वारल्यापासून मला या दोघांचाच आधार. दार मीच बसवणार. वीरभद्रप्पा सुताराचं काम न्हाई. मी सगळं बघून बघून शिकलेला माणूस.

६ एप्रिल
बिदरहून बिजागऱ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, लोखंडी गंजते, पितळी घ्या. सागवानी दार जड, तीन लावा. पितळी दोन घेतल्या. आख्खा माणूस दोन पायांवर उभा राहतो.

९ एप्रिल, दुपार
पूर्वीची दारं दगडाच्या उखळीत फिरायची, स्क्रूचा जाच न्हवता. स्क्रू हातोडीनं ठोकले. पटकन बसतात. वीरभद्रप्पा रस्त्यावरून ओरडला, "पिराजीअण्णा, स्क्रू कामून ठोकायलास? खिळे हायत का ते? आन् लाकडाला खाच पाड, बिजागरी आत बसू दे."
म्हटलं, तू तुझं बघ. खाच उद्या पाडीन.

१० एप्रिल
खाच रद्द. चौकट कमजोर होते.

१४ एप्रिल, जयंती
सुभद्रा आली. दार बघून काही बोलली न्हाई, म्हणजे पसंत. खाली जरा घासतं, अन् चार बोटं फट राहते, तेवढंच. नरसिंग म्हणाला, "अप्पा, दार लागंना."
म्हटलं, लावायचं कशाला? बाहेर ओसरीवर मीच असतो की!
सुभद्रानं दारावर जुना पडदा परत लावला. पटलं असावं.

२२ एप्रिल
दोघं मैलूरला गेली. सुभद्रा पाया पडली, म्हणाली, "येत जावा अप्पा." महिन्याभरात परततील. गावची हवा तिथं कुठली.

५ मे, रविवार
मैलूरला जाऊन आलो. पिशवीभर शेंगा नेल्या होत्या. दार लावलेलं होतं. आत नरसिंग काहीतरी सांगत होता अन् सुभद्रा हसत होती. मोकळं, मोठ्यानं. आमच्याकडं ती तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं, पोर मुळातच अबोल.
कडी वाजवायला हात वर नेला होता. खाली घेतला. शेंगा उंबऱ्याशी ठेवल्या आणि दुपारच्याच मोटारीनं परत आलो.
नरसिंगनं विचारलं तर सांगीन, कुलूप होतं.