दारातली दोन माणसं

मंडळ तामसी, जि. आदिलाबाद
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दामिनीस आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तू आणि भूषणराव हैद्राबादेत सुखरूप असाल. कापसाची शेवटची वेचणी उरकली. वांगी तोडून सकाळच्या बसने आदिलाबादला पाठवते. दिवाळीला तू आली नाहीस, संक्रांतही गेली; त्याबद्दल मी काही म्हणत नाही. फोनवर तू "बोल आई" म्हटलंस की माझी वाचाच बसते, म्हणून कागद घेतला.

बातमी आहे ती आपल्या महादेवाच्या देवळाची. त्याच्या दगडी दाराचं कॉम्प्युटरवर हुबेहूब रूप करायला नेहा नावाची नागपूरची मुलगी आली होती. सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं म्हणे. पण आपलं गाव काय विचारतेस! ती येणार हे कळताच फकिरा पेंटरने पारावर माणसं जमवली. "फोटू काढाले बाहेरचे लोक येऊन राह्यले. देव असा मयकट दिसन तं गावाची काय इज्जत राह्यन?" झालं, सगळ्या दाराला ऑइलपेंट फासला. सोनेरी, गुलाबी, निळा. द्वारपालांना मिशासुद्धा काढल्या. नेहा आली ती पायरीवर डोकं धरूनच बसली. रंगाने बारीक कोरीव काम बुजलेलं, आणि त्या चकाकीपुढे तिच्या कॅमेऱ्याचं काही चालेना. फकिरा आपला विचारतो, "काऊन ताई, निळा आवडला नाई काय?"

मग तिनेच तोड काढली. आपल्याकडे लग्न लागलं की नवरानवरी त्या दारात उभं राहून फोटो काढतात, हे तिला कुणीतरी सांगितलं. तिने घरोघरचे जुने फोटो मागून आणले. एका फोटोत जे झाकलेलं असतं ते दुसऱ्यात दिसतं. तसं जोडत जोडत रंगाआधीचं दार पुन्हा उभं करायचं. ती आपल्याकडेच राहिली. दोन ताटं वाढायला मला फार बरं वाटायचं.

दाराचा खालचा एक कोपरा मात्र झाडून साऱ्या नवऱ्यांनी अडवून ठेवलेला. तिथे आमचा फोटो कामाला आला. तुझे बाबा लाजरे, माझ्यापासून हातभर लांब उभे होते. फोटोवाला ओरडला होता, "अवो पाव्हणे, मधातून बैल जाईन! सरका ना जवय!" ते कसले सरकतात! त्या फटीत घागर घेतलेली एक दगडी बाई दिसली. गंगामाय आहे म्हणे. नेहाने मला मिठीच मारली.

काल शाळेत मोठ्या पडद्यावर सगळ्या गावाला दाखवलं. आधी आमचा फोटो आला. मग नेहाने काहीतरी दाबलं आणि तुझे बाबा गेले. पाठोपाठ मीही गेले. राहिलं ते नुसतं दार, स्वच्छ आणि अखंड. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फकिराने सगळ्यांत जोरात. मला मात्र रडू फुटलं.

"अवं पोरी, आमाले काऊन काढलं?"

"काकू, तुम्ही दोघं मधे येता ना. माणसं काढल्याशिवाय मागचं दिसत नाही."

तिने माझे डोळे पुसले, तुमचा फोटो आहे तसाच आहे म्हणाली. तिची काय चूक? तिचं कामच ते. आज ती गेलीसुद्धा.

दामे, आता लिहितेच. दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, "बाबा नाहीत, आता त्या घरात कोण आहे? कशाला येऊ?" तू रडत होतीस, म्हणून मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बाबांवर तुझा किती जीव होता ते मला ठाऊक आहे. त्यांच्यावाचून मलाही हे घर खायला उठतं. वावरातून आले की कुलूप मीच काढते, आणि एकटीसाठी चहा टाकावासा वाटत नाही. तुझे बाबा गेले, ते काही कुणाच्या हातात नव्हतं. पण मला तू कसं गं पुसून टाकलंस?

रागावून लिहीत नाही. दुखलंय, म्हणून लिहिते. देऊळ बघायला येऊ नकोस, ते आता कॉम्प्युटरवर तुला तिथेही दिसेल. मला बघायला ये.

त्या घरात आहे ती,
तुझी आई
जयवंताबाई